तिसरी लाल तार

१४ ऑक्टोबर

आजपासून लिहायचं ठरवलं. रेडिएशन विभागातल्या नर्सबाई म्हणाल्या, "रोज चार ओळी लिहून ठेवा. काय दुखतं, झोप किती, जेवण किती. डॉक्टरांसमोर बसलं की माणसाला काही आठवत नाही." मी म्हटलं, मी लिफ्ट मेकॅनिक आहे, लॉगबुक लिहिण्यात आयुष्य गेलंय.

तर लॉगबुक. यंत्र : मी. वय : एकोणपन्नास. बिघाड : डोक्यात डाव्या बाजूला, कानाच्या वर गाठ. दुरुस्ती : ऑगस्टमध्ये ऑपरेशन करून निघेल तेवढी काढली, उरलेलीला आता किरण. आठवड्यातून पाच दिवस, एकूण तीस वेळा.

आज तोंडाचा साचा घेतला. गरम पाण्यातून काढलेली प्लॅस्टिकची जाळी चेहऱ्यावर ताणतात, थंड झाली की कडक होते. ती टेबलाला खटक्यांनी अडकवली की डोकं केसभरही हलत नाही. मशीन मात्र आवडलं. एवढा जड सांगाडा भोवती फिरतो आणि कुरकुर नाही. बेअरिंग उत्तम ठेवलंय कोणीतरी.

डॉक्टरबाईंनी पुढेमागे काय काय होऊ शकतं ते बराच वेळ समजावलं. ही सोबत आली होती, ती प्रश्न विचारत होती. मी मशीनकडे बघत होतो. मग दाखवलं तिथे सही केली.

३० ऑक्टोबर

किरण बारा वेळा झाले. तोंडाला गंजलेल्या लोखंडासारखी चव. कानावरचे केस उशीवर राहतात. पोरगी म्हणाली, "बाबा, दुसऱ्या बाजूचेही काढू या का? नाहीतर अर्धवट रंगवलेल्या भिंतीसारखं दिसतंय." तिने स्वतः केस कापायचं मशीन फिरवलं. हात हलका आहे तिचा.

संध्याकाळी पाना आला. हा माझा जोडीदार, अठरा वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली आला तेव्हापासून पाठच्या खिशात पाना घेऊन हिंडतो, म्हणून पाना. त्याची बायकोही त्याला पानाच म्हणते असं ऐकतो. तासभर बसला आणि फक्त कामाचं बोलला. बरं वाटलं.

२५ नोव्हेंबर

तिसावं झालं. नर्सबाईंनी जाळी हवी का विचारलं, काही जण आठवण म्हणून नेतात. मी म्हटलं, ठेवा तुमच्याकडेच.

९ जानेवारी

नुसता झोपतो. सकाळी उठून दात घासतो आणि पुन्हा झोपतो. डॉक्टरबाई म्हणतात, असं होतं, जाईल. ही शाळेच्या ऑफिसातून दुपारी घरी येते तेव्हा मी जिथे असतो तिथेच असतो. तिने आज चादर बदलायला मला लहान मुलासारखं एका कुशीवर ढकललं.

१२ फेब्रुवारी

स्कॅन स्वच्छ. डॉक्टरबाईंनी पडद्यावर दाखवलं, गाठ होती तिथे करडा डाग, वाढ शून्य. मी कामावर गेलो. सर्व्हिसच्या साहेबांनी सगळ्यांसमोर हात मिळवला. "आता काय, नवीन मोटर बसवून आलात," म्हणाले. पहिल्याच दिवशी तीन बिल्डिंगा केल्या. मशीन रूमचं दार उघडल्यावर तेलाचा आणि गरम तांब्याचा जो वास येतो, त्याने डोळ्यांत पाणी आलं. पानाने बघितलं आणि दुसरीकडे तोंड केलं.

३ जून

लिहायचं राहून गेलं बरेच दिवस. तब्येत ठीक. चाव्या सापडत नाहीत, कारण ही घरातल्या वस्तू सारख्या हलवते. वीस वर्षं हूक दाराजवळ होता तो आता कुठे आहे ते तिलाच माहीत.

१९ ऑगस्ट

पोरगीची परीक्षा जवळ आली. तिच्यासाठी टेबलावरचा दिवा आणला, मान वाकवता येणारा. फार खूश झाली. गळ्यात पडली. एवढी मोठी झाली तरी.

२ सप्टेंबर

आज डॉक्टरबाईंकडे. स्कॅन पुन्हा स्वच्छ. त्यांनी विचारलं, बाकी काही? मी म्हटलं, काही नाही. ही म्हणाली, "अहो, ते सांगा ना." मी म्हटलं, काय ते? ती मग म्हणाली, "यांना थोडं विसरायला होतं." मी म्हटलं, डॉक्टर, हिला लग्नाचा वाढदिवस सोडून सगळं लक्षात राहतं, घरात एकाने तरी विसरायला नको का? डॉक्टरबाई हसल्या. ही हसली नाही. घरी येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. चारचौघांत नवऱ्याचं उणं काढायचं आणि वर रुसायचं.

१४ सप्टेंबर

कामावरून परतताना दुकानात एक छान दिवा दिसला, मान वाकवता येते. पोरगीची परीक्षा आहे म्हणून घेतला. तिने खोक्याकडे बघितलं. मग म्हणाली, "छान आहे, बाबा." वाटलं होतं जरा जास्त खूश होईल. अभ्यासाचा ताण असणार.

३० सप्टेंबर

पानाचं काय चाललंय कळत नाही. इथे नीट लिहून ठेवतो, पुढे बोलायची वेळ आली तर.

लिफ्टचं एकही दार उघडं असेल तर लिफ्ट हलत नाही. सगळ्या दारांच्या कुलपांतून एकच करंट फिरतो, एक दार उघडलं की तो तुटतो. पण दुरुस्तीत कधीकधी दार उघडं ठेवूनच लिफ्ट हलवावी लागते. तेव्हा मशीन रूममधल्या पॅनेलमध्ये एक तार लावतो आणि लिफ्टला फसवतो, की सगळी दारं बंद आहेत. आम्ही तिला जंपर म्हणतो. लाल असते, लांब असते, मुद्दाम, डोळ्यांत भरावी म्हणून. काम झालं की ती पहिल्यांदा काढायची. माझ्या पिशवीत तीन असतात. मीच पानाला शिकवलं : तीन नेल्या, तीन आणल्या, त्याशिवाय पॅनेलचं झाकण लावायचं नाही.

आता हा माझ्यासमोर मोठ्याने मोजतो. "दादा, एक. दोन. तीन. बरोबर?" मी काय बालवाडीत आहे? काम झाल्यावर म्हणतो तुम्ही गाडीत बसा, मी दार बघून येतो, आणि दहा दहा मिनिटं येत नाही. आज मी स्पष्ट विचारलं, "माझी जागा हवी आहे का तुला? हवी असेल तर साहेबांकडे माग. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवतोस?" त्याचा चेहरा पडला. "तसं नाही, दादा," एवढंच म्हणाला.

२१ ऑक्टोबर

कपाटाचं दार निसटलं. दाराला लावतात ते, ज्याच्यावर दार फिरतं, ते घ्यायला हार्डवेअरच्या दुकानात गेलो आणि शब्दच येईना. हाताने दाखवलं. दुकानदार म्हणाला, "बिजागरी?" मी म्हटलं, तेच. अठ्ठावीस वर्षं दारांचं काम केलेला माणूस. गंमत म्हणून पानाला सांगायचं ठरवलं होतं, नाही सांगितलं.

१० नोव्हेंबर

निळ्या खिडक्यांच्या बिल्डिंगला एकटा गेलो. आठ मजले, हाताने उघडायच्या दारांची जुनी लिफ्ट. पानाला सासऱ्यांना दवाखान्यात न्यायचं होतं. रजा टाकली नाही, मलाच सांगून गेला. म्हणाला, "दादा, आज नको, उद्या दोघं जाऊ." मी कशाला थांबतो? चौथ्या मजल्याच्या दाराचं कुलूप घासत होतं. खोललं, साफ केलं, बसवलं. मध्येच ऑफिसातून फोन आला तेव्हा मी वर मशीन रूममध्ये होतो. बोलणं झालं, झाकण लावलं, खाली आलो. लिफ्ट दोनदा वर-खाली करून बघितली. लोण्यासारखी चालते. बऱ्याच दिवसांनी एकट्याने पूर्ण काम केल्याचं समाधान मिळालं.

घरी पिशवी लावताना लाल तारा दोनच निघाल्या. तिसरी पानाकडे असेल. मला मोजून दाखवतो आणि स्वतः इकडेतिकडे टाकतो.

१३ नोव्हेंबर

निळ्या खिडक्यांच्या बिल्डिंगमध्ये अपघात झाला. चौथ्या मजल्यावरचे एक म्हातारे मास्तर लिफ्टचं दार उघडून आत पाऊल टाकत होते, तेवढ्यात सातव्या मजल्यावर कोणीतरी बटण दाबलं आणि दार उघडं असतानाच लिफ्ट वर निघाली. एक पाय आत, एक बाहेर. त्यांच्या सुनेने मागून सदरा धरून ओढलं म्हणून वाचले. मनगट मोडलं. काठी शाफ्टमध्ये पडली, तिचे दोन तुकडे झाले.

पॅनेलमध्ये जंपर तसाच होता.

कामाच्या कागदावर दोन सह्या लागतात. एक माझी, एक पानाची. साहेबांनी विचारलं, पॅनेलला कोण होतं? पाना म्हणाला, "मी." त्याला घरी बसवलं. चौकशी होणार.

१४ नोव्हेंबर

राग जात नाही. अठरा वर्षं ज्याला एकच गोष्ट शिकवली, ती त्याने अशी मातीत घातली. एक दोन तीन म्हणून माझ्यासमोर पोपटपंची करायची, आणि पाठ वळली की हे. माणूस मेला असता. मी हिला म्हटलं, त्याचं परवानापत्र काढून घेतलं पाहिजे, माणसाची चूक वेगळी आणि बेफिकिरी वेगळी. ही भांडी विसळत होती. हात थांबवून तशीच उभी राहिली. पाणी चालूच होतं.

१७ नोव्हेंबर

आज रविवार. सकाळी जेवणाच्या टेबलावर मी पुन्हा पानाबद्दल बोलायला लागलो. ही म्हणाली, "तुम्ही ती वही लिहिता ना, वाचता का कधी?"

मी म्हटलं, लॉगबुक कोणी वाचत बसत नाही, बिघाड झाला तरच उघडतात.

"मग उघडा," ती म्हणाली. "मी हात लावलेला नाही तिला. पण दहा तारखेला तुम्ही कुठे होतात ते त्यात असेल."

मी म्हटलं, दहा तारखेला मी आणि पाना निळ्या खिडक्यांच्या बिल्डिंगला होतो. मला तसं आठवतही होतं. पाना वर, मी खाली, तो जिन्यातून हाक मारतोय. अगदी स्पष्ट.

वही काढली. दहा तारीख वाचली. तीनदा वाचली. अक्षर माझं. पाना तिथे नव्हताच. ती हाक कुठल्यातरी दुसऱ्या दिवसाची, दुसऱ्या बिल्डिंगची, कदाचित दहा वर्षांपूर्वीची.

मग सुरुवातीपासून सगळं वाचलं. दिवा मी दोनदा आणलाय. तो दवाखान्यातला दिवस वाचताना कान तापले.

ही समोर बसून होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं होतं. गाठीजवळच्या चांगल्या भागालाही किरण लागतात, त्याचा परिणाम वर्ष-दीड वर्षानेही दिसू शकतो, लक्षात राहणं, शब्द सुचणं मंदावतं. तुम्ही सही केलीत तेव्हा."

मला त्यातलं एक अक्षर आठवत नाही. गंमत अशी, की ते विसरलो की ऐकलंच नव्हतं, हे आता कधीच कळणार नाही.

१८ नोव्हेंबर

पानाकडे गेलो. दार त्याच्या बायकोने उघडलं, नमस्कार केला नाही, बाजूला झाली. पाना जमिनीवर बसून पंखा खोलत होता. रिकामे हात त्याला सहन होत नाहीत.

मी म्हटलं, "त्या दिवशी तू सासऱ्यांबरोबर होतास."

तो स्क्रू काढत राहिला. "तुम्हाला आठवलं?"

"नाही. वाचलं."

तेव्हा त्याने मान वर केली.

"खोटं का बोललास?"

"दुसऱ्या दिवशी मी न बघता सही केली, दादा. ती खरीच आहे ना? आठ महिने तुमच्या मागून प्रत्येक पॅनेल उघडून बघत होतो. वहिनी रोज सकाळी फोन करायच्या, की आज कसे आहेत, नीट निघालेत का. आठ महिन्यांत चार वेळा तार काढली मी. त्या एका दिवशी नव्हतो."

चार वेळा. मी खुर्चीवर बसलो.

"मला सांगायचं नाहीस?"

"सांगायला गेलो होतो. तुम्ही म्हणालात, जागा हवी आहे का." त्याने स्क्रू खाली ठेवला. "आणि साहेबांना सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या दिवसापासून घरी. कामावर परत आलात त्या दिवशी तुमचा चेहरा बघितला होता मी."

माझा जीव गलबलला, आणि त्याच वेळी भयंकर राग आला. त्याचा, हिचा, सगळ्यांचा. मी म्हटलं, "तुम्ही सगळे मिळून मला सांभाळत बसलात. त्या म्हाताऱ्याला कोण सांभाळणार होतं?"

आतून त्याची बायको म्हणाली, "हेच मी यांना मार्चपासून सांगतेय."

निघताना तिने पाणी दिलं.

१९ नोव्हेंबर

साहेबांपुढे वही उघडी ठेवली. ते वाचता वाचता चष्मा काढून बसले. म्हणाले, "पण तुमचा रिपोर्ट तर स्वच्छ आहे."

मी म्हटलं, "गाठीचा स्वच्छ आहे, साहेब."

"उगाच पानाला वाचवायला नाही ना लिहिलं हे?"

मी त्यांना मागची पानं दाखवली. बिजागरी, चाव्या, दिवे. आपलं असं उणं कोणी बनवून लिहीत नाही. परवानापत्र खिशातून काढून टेबलावर ठेवलं. त्यावरचा फोटो तिशीतला आहे, केस भरपूर.

२ डिसेंबर

दवाखान्यात चाचण्या. घेणारी बाई पोरगीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल. तिने पंधरा शब्द वाचून दाखवले, मग गप्पा मारल्या, आकृत्या जोडायला दिल्या, आणि मग म्हणाली, मघाचे शब्द सांगा. चार सांगितले. त्यातला एक तिने म्हटलाच नव्हता. दोन कामं एकदम करायला दिली तेव्हा दोन्ही सांडली.

मग तिने विचारलं, लिफ्टचा ब्रेक कसा तपासतात? मी वीस मिनिटं बोललो. ती टिपून घेत होती.

"हे सगळं शाबूत आहे," ती म्हणाली. "तुम्हाला लिफ्ट येते. तुम्ही आज सकाळी तिच्याबरोबर काय केलंत, ते राहत नाही."

कोणी मला इतकं नेमकं निदान करून दिलं नव्हतं. मी विचारलं, सुधारेल? ती म्हणाली, थोडं सवयींनी सावरता येईल, वही, घड्याळाचे गजर, एका वेळी एकच काम. गेलेलं सगळं परत येईल असं सांगणार नाही. मग मी विचारलं, किरण घेतले नसते तर? ती म्हणाली, ते डॉक्टरबाईंना विचारा, पण बहुधा आज आपण बोलत नसतो.

हिने माझा हात धरला होता. मी म्हटलं, "पुन्हा विचारलं तर पुन्हा सही करीन." ही म्हणाली, "या वेळी ऐकून करा."

१६ डिसेंबर

पानाला परत घेतलं. लेखी ताकीद मिळाली, न बघता सही केल्याची. ती त्याला मिळायलाच हवी होती, तोही तेच म्हणाला. मला नव्या मुलांच्या शिकवणी वर्गावर नेमताहेत, आठवड्यातून तीन दिवस. जिवंत पॅनेलला हात लावायचा नाही, अशी अट कागदावर आहे. ती मीच घालायला लावली.

२१ डिसेंबर

आज मास्तरांकडे गेलो. पाना यायला तयार होता, त्याला म्हटलं, नको. हिने पत्ता आणि काय सांगायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. चार जिने चढून गेलो.

सुनेने दार उघडलं. कोण ते सांगितल्यावर दार पुन्हा लोटायला लागली. आतून आवाज आला, "येऊ दे त्यांना."

मास्तर खिडकीजवळ बसले होते, हात प्लास्टरमध्ये. भूगोल शिकवायचे म्हणे. भिंतीवर नकाशा, त्यावर टाचण्या. मी चिठ्ठी काढली नाही. म्हटलं, "ती तार माझ्याकडून राहिली. चौकशीत दुसऱ्याचं नाव आधी आलं होतं, ते चुकीचं. मी होतो. माझ्या डोक्याला आजार आहे आणि मी तो मान्य करत नव्हतो."

"कसला आजार?"

सांगितला. त्यांनी गाठ केवढी होती ते विचारलं, किरण कुठून देतात ते विचारलं. धडा समजून घेतात तसं.

सून म्हणाली, "अडतीस दिवस झाले, खाली उतरले नाहीत. जिना झेपत नाही आणि लिफ्टमध्ये पाय टाकत नाहीत. लिफ्ट दुरुस्त झालीय, सगळे वापरतात. पण यांचं काय करायचं ते सांगा तुम्ही."

माफी मागणं सोपं होतं, हे तेव्हा कळलं.

मास्तरांनी विचारलं, "आता पुन्हा नाही ना विसरणार?"

"विसरेन," मी म्हटलं. "म्हणून आता कुठल्याच लिफ्टला हात लावत नाही. ही लिफ्ट दुसऱ्या माणसाने केलीय, आणि तिसऱ्याने तपासलीय."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "माझ्या चपला दे."

लिफ्टपर्यंत यायला आम्हाला पाच मिनिटं लागली. नवी काठी त्यांच्या डाव्या हातात होती, त्या हाताचा त्यांना सराव नाही. मी दार उघडून धरलं. ते उंबऱ्यापाशी थांबले. त्यांनी खालच्या फटीतल्या काळोखाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"आधी तुम्ही," म्हणाले.

मी आत गेलो. तळहात त्यांच्यापुढे धरून उभा राहिलो. बटण कोणी दाबलं तर, असं एकदा माझ्याही मनात येऊन गेलं. त्यांनी काठी आत टेकवली. मग एक पाय. मग, बऱ्याच वेळाने, दुसरा.